भिंतीचा पंप

(दृश्य : ऑक्टोबरातली सकाळ. वेंगुर्ले तालुक्यातलं चिऱ्यांचं घर, पुढे खळं, तुळस. कॅमेरा वळचणीपासून सावकाश खाली येतो.)

दसरा झाला की कोकणातलं घर दोन रंगांचं दिसतं. वळचणीखाली हातभर पट्टा मूळ रंगाचा, कारण तिथे पाऊस पोचत नाही. त्याखाली जोत्यापर्यंत हिरवं, काळं, आणि मध्येच गंजासारखं तांबूस. दक्षिण कोकणात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. चार महिने ओली राहिलेली भिंत म्हणजे उभं केलेलं शेतच.

तांबूस डाग पाहून बरेच जण म्हणतात, चिऱ्यातलं लोखंड उतरलं. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा ते ट्रेंटेपोहलिया नावाचं शेवाळ असतं. जातीने हिरवं, पण गाजरात असतं तसलं रंगद्रव्य अंगात साठवून नारिंगी झालेलं. काळं दिसतं ते बहुतेक नील-हरित जीवाणूंचं काम. ते उन्हापासून वाचायला स्वतःभोवती गडद आवरण करून घेतात, उन्हाळाभर वाळून पडून राहतात आणि मिरगाच्या पहिल्या सरीला पुन्हा जागे होतात.

(दृश्य : शेजारचं घर. चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) अगदी जवळून.)

या शेजारच्या घराला गेल्या वर्षी प्रेशर वॉशर लावला होता. दाब साधारण 130 बार. संध्याकाळपर्यंत भिंत लालबुंद, नवी कोरी. वाडीतले लोक पाहून गेले. आता जवळून पाहू. दोन चिऱ्यांमधला चुन्याचा माल निघून गेलाय, दर्जात बोट जातं. हा चिरा जांभ्याचा, आणि जांभा म्हणजे काळा कातळ नव्हे. खाणीत असतो तेव्हा तो हत्याराने तासता येतो, हवा लागल्यावर कडक होतो. अंगभर त्याला भोकं, भोकांत पिवळट माती. पाण्याच्या माऱ्याने ती माती धुपली, भोकं मोठी झाली, आणि यंदाच्या पावसात शेवाळाला पूर्वीपेक्षा ऐसपैस जागा मिळाली.

छपराची तऱ्हा आणखी वेगळी. मंगलोरी कौलं 1865 साली मंगळूरला बाझेल मिशनच्या कारखान्यात निघायला लागली, तेव्हापासून आजवर ती एकमेकांत नुसती अडकवूनच बसवतात. वरून पडणाऱ्या पावसाला ती पुरी पडतात. खालून वर दाबाने पाणी मारलं की ते कौलांच्या फटीतून माळ्यावर उतरतं. घरच्यांना हे कळतं ते भाताची पोती भिजल्यावर.

म्हणून पहिल्या घरी शेवाळ धुवायचं काम वेगळ्या रीतीने चाललंय. भिंतीवर औषध हलक्या हाताने सोडायचं, ते दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने उतरवायचं. औषध म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. कामावरची मुलं त्याला नुसतं हायपो म्हणतात. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरीचा हा पातळ भाऊ. मग पावडरच का नाही कालवायची? कारण तिच्यातला चुना खाली बसतो आणि नोझल बुजवतो.

(दृश्य : मांगर. कोपऱ्यात पेट्रोल इंजिनवरचा, बागेत फवारणी करायचा एचटीपी पंप, शंभर मीटरचा होज पाइप, बांबूचा लान्स म्हणजे फवारायची लांब दांडी.)

हे घर ज्यांचं, ते काका आंब्या-सुपारीचे बागायतदार. भिंती धुण्याचं काम त्यांचा पुतण्या करतो. पूर्वी तो रंगकाम करायचा. आधी शेवाळ काढल्याशिवाय रंग धरत नाही, हे त्याला दोन-तीन घरांचा रंग पापुद्र्यांनी सुटल्यावर कळलं, आणि तो या बाजूला वळला. सुरुवातीला त्याने जे केलं तेच कोकणात कोणीही करेल. काकांचा आंब्याचा पंप घेतला. घरात आहे, उंच चढतो, मोहरापर्यंत फवारतो, तर भिंतीला का नाही?

तिसऱ्या दिवशी पंपाच्या डोक्यातून गळती लागली. उघडला तर पितळेवर हिरवट थर, आणि आतलं रबर नखाने तुटत होतं. दुरुस्तीला गेला तेव्हा आंब्यावर पहिली फवारणी तोंडावर आली होती. त्या आठवड्यात घरात काय बोलणं झालं, ते आम्ही चित्रित केलेलं नाही. काकांचं एक वाक्य मात्र पुतण्याने आम्हाला सांगितलं, आणि या सगळ्या धंद्याचं मर्म त्यात आहे असं मला वाटतं. काका म्हणाले, “अरे, मोरचूद कोण लोखंडाच्या बालदीत कालवता काय?”

सुपारीच्या कोळे रोगावर बोर्डो मिश्रण मारतात. 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. ते करायचं प्लॅस्टिकच्या, मातीच्या नाहीतर तांब्याच्या भांड्यात. चुना कमी पडला का, हे बघायला त्यात चकचकीत कोयता बुडवतात. पात्यावर तांबं चढलं तर अजून चुना हवा. बागायतदार भांडं निवडतो ते औषध बघून. भिंती धुणारा मात्र दुकानात जाऊन आधी विचारतो, “दाब किती?”

(दृश्य : पडवीत चार काचेच्या बरण्या, झाकणं सैल. कॅमेरा एकेकीजवळ.)

पुतण्याने मग हा खेळ मांडला. चारही बरण्यांत हायपो. पहिलीत पितळी नोझल. दुसरीत पंपाच्या व्हॉल्व्हमधली साधी स्प्रिंग. तिसरीत नायट्राइल रबरची ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी गोल कडी; चौथीत तीच, पण ईपीडीएम नावाच्या रबरची. आठ दिवस सावलीत.

पितळी नोझल बघा. त्याच्या कडेने बारीक बुडबुडे उठतायत. पितळ खराब होतंय तेवढंच नाही, तांब्याच्या संगतीने हायपो स्वतःही फुटतंय, त्यातून प्राणवायू निघतोय आणि औषधाची ताकद उतरतेय. लोखंड आणि निकेलही हेच करतात. म्हणजे पितळेच्या पंपातून औषध भिंतीवर पडतं तेव्हा ते आधीच थोडं मेलेलं असतं. स्प्रिंगच्या बरणीत तळाला तपकिरी गाळ. नायट्राइलची रिंग वाकवली तर भेगा दिसतात. ईपीडीएमची रिंग पुसून पुन्हा पंपात घालावी अशी.

यात एक मेख आहे. ईपीडीएम तेलात फुगतं. आंब्याच्या तेलकट औषधांसाठी ते बसवलंत तर तिकडे गळती. व्हिटॉन नावाचं रबर दोन्हीकडे चालतं, फक्त महाग पडतं. एकच पंप बागेलाही आणि भिंतीलाही, हा हिशेब इथेच मोडतो. शिवाय बागेतल्या पंपात राहिलेलं कीटकनाशक हायपोत मिसळायची जोखीम कोणी घ्यावी?

(दृश्य : टेम्पोच्या हौद्यात निळा ड्रम, छोटा पंप, बॅटरी.)

आता त्याच्याकडे हे आहे. 12 व्होल्टचा डायफ्राम पंप, म्हणजे आतल्या रबरी वाटीच्या हालचालीने पाणी ढकलणारा; त्या वाटीपासून व्हॉल्व्हपर्यंत हायपो सहन करणारं रबर, डोकं प्लॅस्टिकचं. दाब 4 ते 5 बार. ऐकायला किरकोळ वाटतो, पण पाणी 10 मीटर उंच चढवायला 1 बारच लागतो. दुमजली घराला हे भरपूर झालं. रत्नागिरीतल्या चार-पाच मजली इमारतींसाठी तो हवेवर चालणारा, पॉलिप्रॉपिलीनच्या अंगाचा डायफ्राम पंप भाड्याने आणतो. फवारणीचा बारीक पाइप काढून 12 मिलिमीटरचा घातलाय. लांब पाइपात दाब मरतो तो बारीक पाइपात जास्त मरतो.

फवारायची बंदूक त्याने काढूनच टाकली. ट्रिगरमध्ये स्प्रिंग असते, आणि स्प्रिंगचं काय होतं ते बरणीत पाहिलंच. तिच्या जागी नळकामातला साधा पीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह. दिसायला गावठी, पण दोन हंगाम टिकलाय. नोझल पंख्यासारखी धार सोडणारं, मोठ्या भोकाचं. कीटकनाशकाचं नोझल धुकं करतं. पानाला धुकं हवं असतं. इथे तेच धुकं वाऱ्यावर जाऊन डोळ्यांत आणि छातीत शिरतं. भिंतीवर ओघळेल असा जाड थेंब हवा.

पाठीवरचा 16 लिटरचा बॅटरी पंप कुंपणाच्या गडग्याला, पायऱ्यांना चालतो. सील बदलून घ्यायचं आणि दर हंगामाला तो बाद होणार हे धरून चालायचं. प्रेशर वॉशरला इंजेक्टर लावूनही औषध मारता येतं. त्यात औषध पंपाच्या पुढे ओढलं जातं, पंपात जात नाही. पण तो साधारण दहापटीने पातळ करतो. 10 टक्क्यांचं हायपो भिंतीवर 1 टक्का उरतं. आणि आपल्याकडे पोचेपर्यंत ते 10 टक्के असतंच असं नाही. ऊन आणि उष्णता दोन्ही त्याला खातात; तापलेल्या टेम्पोतून आलेला कॅन दोन महिने पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला की उरतं ते नुसतं वासाचं पाणी. पुतण्या आठवड्याला लागेल तेवढंच आणतो, सावलीत ठेवतो आणि ड्रमच्या झाकणाला बारीक भोक ठेवतो. घट्ट बंद केलेला ड्रम फुगतो.

मिश्रण तो ड्रममध्येच करतो. हिरव्या शेवाळाला 1 टक्का : 2 लिटर हायपो, 18 लिटर पाणी. कौलांवरच्या जुन्या काळ्या थराला याच्या दुप्पट-तिप्पट ताकद. वर थोडं लिक्विड डिटर्जंट, म्हणजे औषध भिंतीला धरून राहतं. संडास-बाथरूमचं ॲसिड याच्या जवळपाससुद्धा आणायचं नाही. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो माणूस मारू शकतो. रंगकामावरची पोरं फरशीसाठी ॲसिड बाळगतात, त्यामुळे हे तो रोज नव्याने सांगतो. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे, आणि ॲल्युमिनियमची शिडी बाजूला; वेळूची परांची बरी.

(दृश्य : सकाळचे सात. बाई तुळशीवर, अबोलीवर भरपूर पाणी ओततेय. विहिरीच्या तोंडावर ताडपत्री.)

सकाळी मतलई वारा पडलेला असतो आणि खारा वारा अजून सुटलेला नसतो. कामाची वेळ ती. अकरानंतर समुद्राकडून वारा आला की फवारा भलतीकडे जातो, आणि ऊन चढल्यावर भिंत औषध पाच मिनिटांत सुकवते. झाडं आधीच पाण्याने तुडुंब केली की मुळं औषध कमी ओढतात; नंतर पुन्हा धुवायची. विहीर झाकायची. पन्हळीचा पाइप टाकीतून काढायचा. ओघळ ओहोळात जाऊ द्यायचा नाही, कारण ओहोळ खाडीला मिळतो आणि हायपो मासळीला सोसत नाही. रंगवलेली भिंत असेल तर आधी मागच्या कोपऱ्यात हातभर जागेवर लावून बघायचं. रंग उडाला तर तिथेच उडू दे.

(दृश्य : औषध भिंतीवरून ओघळतंय. हिरवं हळूहळू फिकट, मग पांढुरकं.)

वर पंपाचा आवाज शिवणयंत्राएवढा. बाई पडवीत उभी राहून बोलतेय ते ऐकू येतं. काळं सगळं आज जाणार नाही. मेलेलं शेवाळ पुढच्या पावसात उतरेल, असं तो गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पैसे देताना वाद.

काम झाल्यावर ड्रम रिकामा करून त्यात साधं पाणी, आणि पंप दहा मिनिटं तसाच चालू. हे न करणाऱ्याने वर सांगितलेलं काहीच विकत घेऊ नये.

(दृश्य : नोव्हेंबर. मांगराचं दार. काका आत वाकून काहीतरी ओढतायत. पुतण्या खळ्यातून ओरडतो.)

“काकानू, तो न्हेव नकात! तो भिंतीचो!”

“मगे माझो खंय?”

निळ्या ड्रमवर पांढऱ्या रंगाने ठळक लिहिलंय : भिंत. काकांनी चष्मा घरी ठेवलाय.