पिवळ्या रकान्याला हात लावा

[दृश्य : वर्गखोली. मुलांच्या बाकांवर शिक्षक.]

शनिवार. सकाळची शाळा सुटली आहे. वाई तालुक्यातल्या या जिल्हा परिषद शाळेत मुलांच्या जागी आता गुरुजी आणि बाई बसल्या आहेत. बाक लहान, गुडघे मोठे. दोघांत एक लॅपटॉप.

स्प्रेडशीट इथे कुणालाच नवी नाही. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. वर्षभर चालणारं आकारिक, सत्राअखेरचं संकलित, अ-१ पासून ई-२ पर्यंत नऊ श्रेणी. पुढे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर निकालपत्रकाच्या आयत्या एक्सेल फायली फिरायला लागल्या. पांढऱ्या रकान्यात गुण भरा, पिवळ्याला हात लावू नका. पिवळ्यात सूत्रं, आणि शीटला कुलूप. कुणाच्या फायलीत तो रंग निळा असेल, कुलूप मात्र असतंच. गुण भरायचे, प्रिंट काढायची, फाइल बंद. पुन्हा उघडायची ती पुढच्या निकालाला.

[दृश्य : पडद्यावर कोरी शीट. कर्सर लुकलुकतोय.]

आज शिकवणाऱ्या बाई स्वतः चौथीच्या वर्गशिक्षिका. त्यांनी कोरी शीट उघडली आणि म्हणाल्या, "आज कुलूप नाही."

या चौकोनांचा जन्मही वर्गातच झाला. १९७८ साल, अमेरिकेतलं हार्वर्ड बिझनेस स्कूल. प्राध्यापक फळ्यावर आकडेमोड मांडत होते. एक आकडा बदलला की त्याच्या आधाराने काढलेले सगळे आकडे पुसायचे, पुन्हा लिहायचे. समोर बसलेल्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला वाटलं, पुसण्याचं काम फळ्यानंच केलं तर? बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने प्रोग्रॅम तयार केला. १९७९ मध्ये ॲपल-टू संगणकावर तो आला. नाव व्हिसिकॅल्क. एक्सेल आलं १९८५ मध्ये, तेही आधी मॅकिंटॉशवर. दुकानांनी, बँकांनी, कचेऱ्यांनी तो फळा उचलून नेला. वर्गात परत आला तो निकालपत्रक होऊन.

[दृश्य : बोटं कीबोर्डवर. चेहरे जवळून.]

पहिला खेळ साधा. पाच मुलांचे गुण : १८, १४, १६, १२, एक मूल गैरहजर, त्याचा चौकोन रिकामा. बरोबरचं चिन्ह, ॲव्हरेज, कंस. उत्तर येतं १५. आता रिकाम्या चौकोनात शून्य टाका.

१२.

खोलीत कुजबुज. मागच्या बाकावरचे सर म्हणतात, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं..." पुढचं वाक्य हशात बुडतं. रिकामा चौकोन सरासरी मोजतच नाही, शून्य मात्र मोजते. मूल आलंच नाही की आलं आणि काहीच जमलं नाही, हा फरक यंत्राला कळत नाही. तो शिक्षकानेच ठरवायचा. कुलूपबंद फाइल हे कधी विचारत नाही, आणि आमची त्या आयत्या फायलींवरची मुख्य तक्रार हीच आहे.

[दृश्य : शाळेचं अंगण. कापलेली बाटली, पट्टी, पाणी.]

आता पाऊस. प्लॅस्टिकची बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून तिच्यातच नरसाळ्यासारखा बसवायचा. बाटलीचा बूड सपाट नसतो, म्हणून तळाला खडे, खड्यांच्या वर येईल इतकं पाणी, आणि त्या पाण्याच्या पातळीला पट्टीचं शून्य. झालं पर्जन्यमापक. विद्यार्थी रोज सकाळी मोजतात, आकडा वहीत जातो. वहीतून शीटमध्ये.

आणि इथेच गंमत होते. एका सरांनी भरलं : ८, '१२ मिमी', ५, २०. बेरीज यायला हवी ४५. आली ३३. दोनदा तपासली, लॅपटॉप बदलला, तरी ३३. 'मिमी' लिहिलं की तो आकडा राहत नाही, अक्षर होतो, आणि बेरीज अक्षराला ओलांडून पुढे जाते. एकक लिहायचं ते रकान्याच्या माथ्यावर, एकदाच. त्रैराशिकात एकक विसरलं म्हणून ज्यांनी मुलांचे गुण कापले, त्यांनाच आज एकक लिहिल्याचा दंड बसला.

[दृश्य : आलेखाचे खांब वर चढताना.]

शेजारच्या रकान्यात महाबळेश्वर. इथून जेमतेम तीसेक किलोमीटर. तिथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. इथे वाईत हजाराच्या आत. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात. आलेखात तो एक खांब आहे, आणि त्याच्या शेजारी ठेंगणा दुसरा. तो पाहताना समोरचे चेहरे बघा.

बऱ्याच शाळांत संगणक एकच, तोही कार्यालयात. मोबाइलवर हे सगळं चालतं, फक्त चौकोन बारीक दिसतात.

[दृश्य : सोमवार. चौथीचा वर्ग. एक लॅपटॉप, भोवती आठ डोकी.]

दोन दिवसांनी, त्याच बाईंचा वर्ग. शनिवारी सकाळी बाटली मोजून रिकामी केली होती. आज वाचन ४१. रविवारचा चौकोन रिकामा.

"शून्य टाक," एक मुलगा सांगतो.

"काल पाऊस होता की! आमच्या दारात पाणी साठलं होतं."

"मग ४१ चे दोन भाग कर."

"अर्धा-अर्धाच पडला कशावरून?"

बाई खिडकीशी उभ्या आहेत. बोलत नाहीत. कॅमेरा त्यांच्याकडे वळतो, त्या नजरेनेच मुलांकडे बोट दाखवतात. कीबोर्डजवळची मुलगी बराच वेळ चौकोनाकडे बघते. मग एकेक अक्षर शोधत टाइप करते :

'कुणी पाहिलं नाही'.

बेरीज बदलत नाही. ती सोमवारच्या चौकोनावर जाते, शेजारी लिहिते : 'दोन दिवसांचा'. आणि बाटली रिकामी करायला बाहेर पळते.