ताट वाढणाऱ्याचं घराणं

(पावसात ओली झालेली धावपट्टी. विमान उतरतंय.)

ग्लासगोच्या विमानतळावर उतरलात की तुमचा पहिला पाय पडतो तो मठाच्या जमिनीवर. या जागेचं जुनं नाव ॲबट्सइंच, म्हणजे मठाधिपतीची नदीकाठची जमीन. मठ पेस्लीचा. विमानतळाच्या एका अंगाला पेस्ली, दुसऱ्या अंगाला रेन्फ्रू. साडेआठशे वर्षांपूर्वी ही दोन्ही ठिकाणं एकाच माणसाच्या हाताखाली होती. वॉल्टर त्याचं नाव.

आडनाव नव्हतंच. कागदावर तो 'वॉल्टर, ॲलनचा मुलगा'. आणि त्यापुढे एक शब्द: दापिफेर. लॅटिन शब्द आहे, अर्थ 'ताट वाहून आणणारा'. म्हणजे राजाच्या मुदपाकखान्याचा मुख्य. अर्थात बाराव्या शतकात वॉल्टर स्वतः पंगतीत वाढत नव्हता. राजवाड्याचा सगळा कारभारच त्याच्याकडे होता. इंग्रजीत या पदाला स्टुअर्ड म्हणत. पुढे पदाचंच आडनाव झालं, स्टुअर्ट. आपल्याकडे फडणीस, चिटणीस, पोतनीस झाले तसंच. फक्त हे कारभारी पुढे गादीवर बसले.

तर हा वॉल्टर मूळचा कुठला?

(रंगमंच. अंधार, एक मशाल.)

स्कॉटलंडकडे एक तयार उत्तर होतं. हेक्टर बोईस या इतिहासकाराने १५२७ मध्ये पॅरिसला छापून घेतलेल्या ग्रंथात ते सविस्तर आलं. बँको नावाचा सरदार. मॅकबेथ त्याला मारतो. मुलगा फ्लीअन्स वेल्सला पळतो, तिथल्या राजकन्येपासून त्याला मुलगा होतो, तो मुलगा स्कॉटलंडला परत येतो आणि राजाचा कारभारी होतो. शेक्सपिअरने हेच घेतलं. त्या वेळी लंडनच्या गादीवर स्टुअर्ट घराण्यातलाच राजा होता, जेम्स. 'मॅकबेथ'मध्ये बँकोच्या वंशातले आठ राजे ओळीने रंगमंचावरून जातात, तेव्हा तो राजा समोर बसला असेल तर त्याला आपले पूर्वज बघून काय वाटलं असेल, कल्पना करा.

अडचण एवढीच की बोईसच्या आधीच्या कुठल्याही विश्वासार्ह कागदात बँको नाही. फ्लीअन्सही नाही. राजघराण्याला शोभेल असा पूर्वज हवा होता, तो मिळाला. वंशावळींच्या बाबतीत हे जगभर चालतं, आपणही त्यात मागे नाही.

(चर्मपत्राचा जवळून घेतलेला कोपरा. शाई तपकिरी पडलेली.)

मग कशावर विसंबायचं? सनदांवर.

राजा चौथा माल्कम याने ११६१च्या सुमारास वॉल्टरला एक सनद दिली. आजोबा डेव्हिड राजाने दिलेल्या जमिनी तिने कायम केल्या: रेन्फ्रू, पेस्ली, पोलॉक, कॅथकार्ट, ईगलशम, लॉखविनॉख. यातली पोलॉक आणि कॅथकार्ट आज ग्लासगो शहराच्या वस्त्या आहेत. कारभारीपद वंशपरंपरागत केलं. आणि बारकावा बघा: राजाच्या मालकीच्या प्रत्येक गावात वॉल्टरला उतरायला एक घरजागा, आणि त्या प्रत्येक जागेसोबत वीस एकर जमीन. राजा फिरतीवर निघाला की कारभाऱ्याला बरोबर जावंच लागणार, म्हणून ही सोय. या सगळ्याच्या बदल्यात वॉल्टरने द्यायचे पाच सरदार, लढाईच्या वेळी, घोड्यासकट.

पण सनद पुढचं सांगते, मागचं नाही. मागचा धागा सापडतो तो पेस्लीत.

(पेस्लीचा मठ. आत वळणारा कॅमेरा.)

वॉल्टरने ११६३च्या सुमारास मठ स्थापला. जवळपास ख्रिस्ती साधूंची कमी नव्हती, तरी याने ते आणवले थेट इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातून, वेनलॉकच्या मठातून. आणि पेस्लीचा मठ ज्या संतांच्या नावाने आहे त्यांत स्थानिक संत मिरिन आहे, ते ठीक. पण शेजारी मिलबर्गा आहे. मिलबर्गा ही वेनलॉकची संत. इकडे ग्लासगोच्या क्लाइड नदीच्या परिसरात तिचं काय काम? कोकणातला माणूस विदर्भात गेला आणि तिथे घरामागे गावच्या देवीची घुमटी बांधली, तर तो कुठून आला हे विचारावं लागतं का?

तर शोध श्रॉपशरला. जॉर्ज चामर्स या अभ्यासकाने १८०७ मध्येच हे हेरलं होतं. वेल्सच्या सीमेवरच्या ऑस्वेस्ट्रीचा जहागीरदार ॲलन, फ्लादचा मुलगा, हाच वॉल्टरचा बाप. इथे बँकोवाल्यांना हुरूप आला. फ्लाद म्हणजेच फ्लीअन्स! नाव सारखं, वेल्सही शेजारी. एकोणिसाव्या शतकात श्रॉपशरचा इतिहास लिहिणाऱ्या रॉबर्ट आयटनसारख्या मेहनती माणसालाही हा मोह आवरला नाही.

तो मोह मोडला होरेस राउंड यांनी. बनावट वंशावळी फाडणं हा या गृहस्थांचा आवडता उद्योग, आणि भाषा तिखट. त्यांनी १९०१ मध्ये जे मांडलं त्याचा आधार फ्रान्समधले कागद होते. लुआर नदीकाठच्या सोम्यूर गावी साँ-फ्लोराँ नावाचा मठ होता, त्याची दानपत्रं.

(डोल. ग्रॅनाइटचं राखाडी चर्च, भोवती सपाट पाणथळ प्रदेश.)

फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनी प्रांतातलं डोल. इथल्या आर्चबिशपचाही एक दापिफेर होता. त्याचंही नाव ॲलन. त्याचा एक भाऊ रिवालन साँ-फ्लोराँला साधू झाला. ॲलनने त्या मठाला एक दान दिलं, एका भट्टीवरचा आपला हक्क. त्या काळी गावकऱ्यांनी पाव घरी भाजायचा नाही, मालकाच्याच भट्टीत भाजायचा आणि मोबदला द्यायचा, अशी रीत होती. म्हणजे भट्टी हे रोजचं उत्पन्न. ते सोडायचं तर भाऊबंदांची संमती हवी. आज सातबाऱ्यावरची नावं मोजताना तलाठ्यासमोर जे घडतं तेच. या दानपत्रावर संमती आहे ती फ्लेदाल्दुस याची, 'ॲलन कारभाऱ्याचा भाऊ'.

फ्लेदाल्दुस म्हणजे फ्लाद.

आता दुसरा कागद. वेल्सच्या सीमेवरचं मॉनमथ. तिथला मठ साँ-फ्लोराँचीच शाखा. ११०१ किंवा ११०२ मध्ये तिथलं चर्च देवाला अर्पण झालं, आणि हजर असलेल्यांत फ्लाद आहे, ॲलन कारभाऱ्याचा मुलगा. एकीकडे भाऊ ॲलन, दुसरीकडे बाप ॲलन, दोघेही कारभारी. गोंधळ नाही यात. पद बापाकडून मुलाकडे आलं आणि नावही आलं. आजोबाचं नाव नातवाला, ही पद्धत इथेही. फ्लादच्या मुलाचं नावही ॲलनच.

म्हणजे राजपुत्र वगैरे कोणी नाही. वेल्सची राजकन्या नाही. भट्टीचं उत्पन्न खाणारं एक कारभारी घराणं, आर्चबिशपच्या पदरचं.

डोलहून ते इंग्लंडला कसे गेले, याचं उत्तर पहिला हेन्री. गादी मिळण्याआधी या राजपुत्राचा मुक्काम नॉर्मंडीच्या पश्चिम टोकाला असायचा, ब्रिटनीला लागून. ११०० मध्ये तो इंग्लंडचा राजा झाला. दोन वर्षांत श्रूझबरीच्या अर्लने बंड केलं, बंड मोडलं, जमिनी जप्त झाल्या. त्या भागात विश्वासू माणसं हवी होती. फ्लादच्या मुलाला, ॲलनला, ऑस्वेस्ट्री मिळालं.

ॲलनची तीन मुलं. जॉर्डनकडे ब्रिटनीतला वारसा गेला. विल्यमकडे श्रॉपशर. हेन्रीनंतर इंग्लंडमध्ये त्याचा भाचा स्टीवन आणि मुलगी मटिल्डा यांच्यात गादीवरून यादवी पेटली, विल्यमने मटिल्डाची बाजू घेतली, ११३८ मध्ये श्रूझबरीचा किल्ला लढवला आणि सगळं गमावून बसला. परत मिळालं ते बऱ्याच वर्षांनी. त्याच्याच वंशात पुढे अरुंडेलचे अर्ल झाले. राहिला वॉल्टर. धाकट्याच्या वाट्याला जहागीर फारशी येत नाही. ११३६च्या सुमारास तो स्कॉटलंडच्या डेव्हिड राजाकडे गेला. डेव्हिड हेन्रीच्याच दरबारात वाढलेला, मटिल्डाचा मामा. ओळखीचा दरवाजा होता.

पुढचं भराभर. वॉल्टर ११७७ मध्ये गेला, स्कॉटलंडमधल्या मेलरोज मठाच्या साधूंनी आपल्या बखरीत त्याची नोंद 'आमचा जवळचा' अशी केली. सहाव्या कारभाऱ्याचं लग्न १३१५ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या मुलीशी, मार्जोरीशी झालं. तिचं थडगं पेस्लीच्याच मठात आहे. तिचा मुलगा, सातवा कारभारी, १३७१ मध्ये राजा झाला.

(मुंबई, काळा घोडा. दुपारची गर्दी.)

कारभारीपद मात्र बंद झालं नाही. १४६९च्या कायद्याने ते राजाच्या थोरल्या मुलाला जोडलं गेलं, 'रेन्फ्रूचा बॅरन' या किताबासह. हेच किताब घेऊन १८७५ मध्ये एक राजपुत्र मुंबईला आला, पुढचा सातवा एडवर्ड. त्या भेटीची आठवण म्हणून ससून यांनी त्याचा घोड्यावरचा पुतळा शहराला दिला आणि घोड्याच्या रंगावरून अख्ख्या भागाला नाव पडलं. १९६५ मध्ये पुतळा हलवला. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेत आहे. घोडा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्यावर बसलाय तो डोलच्या त्या फ्लादचा वंशज, स्कॉटलंडचा थोर ताटवाढ्या.