जुन्या हिंदी रहस्यपटांतल्या क्लबमधल्या माणसांना नाव कुणी दिलं?

धोबी तलावच्या जेर महालात गोव्यातल्या निरनिराळ्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक बिऱ्हाडं आहेत. नोकरीच्या शोधात मुंबईत आलेल्या गावकऱ्याला तिथे पेटी ठेवायला आणि पथारी टाकायला हक्काची जागा मिळायची. खलाशी यायचे, आचारी यायचे आणि वादकही यायचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत, त्यामुळे ही मंडळी नोटेशन सहज वाचायची. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाला नेमकं हेच हवं होतं. संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते, शंकर-जयकिशन यांच्याकडे संगीत संयोजक सबॅस्टियन डिसोझा. रहस्यपटातला क्लब ज्या संगीतावर उभा राहिला, ते लिहिणारे आणि वाजवणारे हात बरेचसे यांचे. श्रेयनामावलीत मात्र संगीतकाराचंच नाव झळकायचं.

आणि पडद्यावर? तिथेही हा गोव्याचा ख्रिस्ती समाज दिसतो, पण तस्कराच्या अड्ड्यावर.

यामागे त्या काळची मुंबईही आहे. 1949च्या कायद्यानं मुंबई राज्यात दारूबंदी आली. दारूचा पेला हातात दिसला की प्रेक्षकाला गुन्ह्याचा वास यायचा, आणि तो पेला पुढे करणारी बाई फ्रॉक घातलेली. तिला फक्त पहिलं नाव. आडनाव, घर, आईवडील यांची पटकथेला गरजच वाटली नाही. 1973च्या ‘जंजीर’मधली बिंदूची मोना आठवा.

हेलन यांच्याकडे तर नीट थांबून पाहायला हवं. रंगूनमध्ये जन्मलेली, महायुद्धात आईबरोबर पायपीट करत भारतात आलेली ही मुलगी. 1958च्या ‘हावडा ब्रिज’मध्ये ती चिनी नर्तकी होऊन नाचते. त्याच चित्रपटात चिनी गुन्हेगार जॉन चँग झालेत मदन पुरी, म्हणजे पंजाबी नट. कथा कलकत्त्याची, चित्रपट मुंबईचा, आणि चिनी माणसाची भूमिका चिनी माणसाला नाही. हेलनच्या नाचावर आपण सगळ्यांनी जीव लावला. तिच्या पात्रांना थोडं आयुष्य मिळालं असतं, तर या नटीनं काय करून दाखवलं असतं!

मराठी माणसाचं काय? मुंबई पोलिसांच्या गोष्टींत तो बहुधा हवालदार. साहेबाला सलाम ठोकायचा आणि गाडीत मागे बसायचं. 1956च्या ‘सी.आय.डी.’तला देव आनंदचा इन्स्पेक्टर नुसताच शेखर. तो कुठल्या प्रांताचा, कुठल्या जातीचा, काही कळत नाही.

सलीम-जावेद यांच्या पटकथांनी काही दारं उघडली, हे मान्य करायलाच हवं. ‘जंजीर’मध्ये विषारी दारूनं मुलं गमावलेला डिसिल्वा आहे, ओमप्रकाश यांनी तो फार हळवा केलाय. 1978च्या ‘डॉन’मध्ये चक्क डीएसपी डिसिल्वा, इफ्तेखार यांच्या रुबाबात.

मग 1983 साली ‘अर्धसत्य’ आला. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. इथे इन्स्पेक्टर अनंत वेलणकर आहे, त्याला गाव आहे, मारकुटा बाप आहे. त्याची प्रेयसी ज्योत्स्ना गोखले कॉलेजात शिकवते. मराठी माणूस पहिल्यांदा इतका आतून दिसला, म्हणून हा चित्रपट आपल्याला इतका जवळचा.

पण याच चित्रपटात माइक लोबोही आहे. नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला, निलंबित झालेला, दारूसाठी हात पसरणारा इन्स्पेक्टर. वेलणकरचा बाप आपल्याला भेटतो, लोबोच्या घरी मात्र कॅमेरा जात नाही.