२८ फूट म्हणजे आपलं गेट

(काळा घोडा पूल. सकाळ. कठड्यावरून खाली नदीचं पात्र.)

ही विश्वामित्री. पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि वळणं घेत घेत बडोद्याच्या मधून जाते. उन्हाळ्यात बघाल तर एवढीशी धार. काठाला झुडपं, चिखलात ऊन खात पडलेली एखादी मगर. आम्ही बडोदेकर रोज या पुलावरून जातो आणि खाली बघतही नाही.

श्रावण लागला की मात्र सगळ्या शहराचा जीव या पुलापाशी अडकतो. नदीची पातळी इथं मोजतात. ‘काळा घोडे केटला फूट?’ दांडिया बाजारातल्या चहावाल्यापासून आमच्या घरातल्या आजीपर्यंत सगळ्यांचा हाच प्रश्न, आणि मराठी माणूससुद्धा तो गुजरातीतच विचारतो. २६ फूट ही धोक्याची पातळी. शाळेतल्या पोरांनाही हा आकडा तोंडपाठ आहे.

पण २६ फूट म्हणजे माझ्या दारात पाणी येणार की नाही? ते आकडा सांगत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं, वेळेवर, आणि समजेल अशा शब्दांत.

(सोसायटीचा जिना. भिंतीवर लाल रेघ. कॅमेरा हळूहळू जवळ.)

नदीकाठची ही आमची सोसायटी. पाच विंग, तीन-तीन मजले. अर्धी घरं मराठी, बाकीची गुजराती आणि दोन-तीन सिंधी. ए विंगच्या जिन्यात तेलरंगानं मारलेली ही रेघ. शेजारी लिहिलंय, ‘३१ जुलै २०१९’.

त्या दिवशी बडोद्यात चोवीस तासांत जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस झाला. वर्षभरात पडतो त्याच्या निम्म्याहून अधिक, एका दिवसात. विमानतळ बंद, रेल्वेगाड्या रद्द. विश्वामित्री स्टेशनजवळच्या वस्तीतून एक पोलिस उपनिरीक्षक तान्ह्या बाळाला प्लास्टिकच्या टबात ठेवून, टब डोक्यावर धरून पाण्यातून चालत आले. तो फोटो देशभर गेला, तुम्हीही पाहिला असेल.

आमच्याकडे त्या रात्री काय झालं त्याचा फोटो नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, एवढंच झालं. सेक्रेटरी गावाला गेले होते. वॉचमनला वाटलं, वरच्यांना माहीत असेल. वरच्यांना वाटलं, खालचे बघतच असतील. तळमजल्यावरच्या दहाही घरांचं सामान गेलं.

त्यातलं एक घर काकूंचं. सगळी सोसायटी त्यांना काकूच म्हणते. बँकेतून निवृत्त झालेल्या, हिशेबाची सवय हाडात मुरलेली. पाणी ओसरल्यावर त्यांनी गाद्या वाळत घातल्या, भिंतीवर ही रेघ मारली आणि एक वही घेतली. मग पाचही विंगमध्ये फिरून लोकांच्या मोबाइलमधले पुराचे फोटो मागून घेतले. फोटो कितीला काढला ती वेळ बघितली. त्या वेळी काळा घोड्याला किती फूट होतं, ते बातम्यांमधून हुडकलं. दोन आकडे समोरासमोर मांडले.

(वहीचं पान. शाई थोडी पसरलेली.)

हे ते पान. ‘२८ – गेट. ३० – पार्किंग, गुडघाभर. ३२ – तळमजल्याचा उंबरठा. ३४ – पलंग.’

बस, एवढंच. चार ओळी. मी आपत्ती व्यवस्थापनावरची बरीच पुस्तिका-पत्रकं वाचली आहेत, पण आमच्या कामाचं असं पान मला दुसरीकडे कुठं सापडलं नाही. शहराचा आकडा या चार ओळींनी आमच्या पायरीवर आणून ठेवला.

(पावसाचा आवाज. अंधार. जुनी मोबाइल चित्रफीत.)

२६ ऑगस्ट २०२४. जन्माष्टमी. सकाळपासून आभाळ फाटल्यासारखा पाऊस. पुढच्या आठवड्यात गणपती यायचे, म्हणून मंडपाचे बांबू अंगणात येऊन पडले होते. मंडळाचा स्पीकर आणि माइकही आणून ठेवला होता. काकूंनी संध्याकाळी त्याच माइकवरून पहिल्यांदा सांगितलं. आधी मराठीत, मग गुजरातीत.

त्यांचे शब्द आमच्याकडे एका मुलाच्या मोबाइलमध्ये आहेत. ऐका.

‘मी ए विंगमधून बोलतेय. काळा घोड्याला आता २५ आहे. आपल्या गेटला पाणी नाही. २८ झालं की गेटला येईल. तळमजल्यावरच्यांनी आत्ताच वरच्या घरी जायचंय, औषधं आणि कागदपत्रं घेऊन. गाड्या काढायच्या असतील तर आत्ता काढा, नंतर खाली उतरायचं नाही. सगळ्यांनी पिण्याचं पाणी भरून ठेवा. मी अर्ध्या तासानं परत बोलते.’

आणि अर्ध्या तासानं त्या परत बोलल्या. नवं काही नव्हतं तरी. ‘अजून २५च आहे, मी पुन्हा अर्ध्या तासानं सांगते.’ हे ऐकताना साधं वाटतं. पण अंधारात बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त भीती गप्प बसलेल्या माइकची वाटते. तो गप्प राहिला की मन स्वतःच बातम्या तयार करू लागतं.

इशारा मिळाला म्हणून माणूस लगेच उठत नाही, हेही त्या रात्री दिसलं. आधी तो शेजाऱ्याला विचारतो, मग भावाला फोन करतो, मग गॅलरीत येऊन स्वतः बघतो. यात मूर्खपणा नाही, माणूस असाच असतो. म्हणून एकदा सांगून भागत नाही. ओळखीच्या आवाजात, त्याच शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

बी विंगच्या तळमजल्यावर एक अण्णा राहतात. वय ऐंशीच्या पुढं. ते घर सोडायला तयार नव्हते. ‘देव्हारा सोडून मी वर जाणार नाही.’ मुलगा रागावला, सून रडली. काकू गेल्या आणि त्यांनी वाद घातलाच नाही. म्हणाल्या, ‘अण्णा, कोण वर आलं, कोण खाली राहिलं, याची यादी करायला मला जबाबदार माणूस हवाय. तुमचं अक्षर चांगलं आहे. देव घ्या बरोबर, आणि वही मी देते.’ अण्णा पाच मिनिटांत वर. बाळकृष्ण एका हातात, पेन खिशात. ती यादी आजही आहे. एकेक नाव, पुढं वय, पुढं औषध.

(सरकारी नियंत्रण कक्षाची दृश्यं. नकाशे, वायरलेस.)

मोठ्या यंत्रणेतही हेच शिकवतात, फक्त नावं मोठी असतात. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातनं राज्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभं केलं, २००३ मध्ये कायदा केला. देशाचा कायदा २००५ मध्ये आला. राष्ट्रीय प्राधिकरणानं २०१० मध्ये प्रतिसादाची पद्धत ठरवून दिली. घटनास्थळी हुकूम एकाचा. प्रत्यक्ष बचाव, नियोजन आणि रसद या कामांना वेगवेगळी माणसं. आणि एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच जण, कारण त्याहून जास्त जणांचं ऐकणं गडबडीत जमत नाही. काकूंनी हे वाचलेलं नव्हतं. पाच विंग होत्या, म्हणून त्यांनी प्रत्येक विंगचा एक माणूस नेमला आणि बाकीच्यांना सांगितलं, ‘मला फोन करू नका, तुमच्या माणसाला सांगा.’

(दिवस. घरांमधून वाहणारं मातकट पाणी.)

२७ तारखेला पाणी चढत गेलं. इथं विश्वामित्रीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. शहराच्या पूर्वेला आजवा, सयाजीराव महाराजांनी बांधलेला जलाशय, आणि त्याच अंगाला प्रतापपुरा. वर पडलेला पाऊस तिथून आणि ओढ्यानाल्यांतून नदीत येतो, शहरात पोचायला त्याला काही तास लागतात. म्हणजे आपल्या डोक्यावरचा पाऊस थांबलेला असतो, लोक ‘झालं बाबा’ म्हणून खाली उतरतात, आणि पाणी चढतच असतं. ‘पाऊस थांबलाय, पण नदी अजून वाढणार आहे, खाली येऊ नका.’ त्या दिवशी सगळ्यात जास्त जीव वाचवणारं वाक्य कुठलं, असं मला विचाराल तर मी हे सांगेन.

दुपारी नदी ३२ च्या पुढं गेली. खबरदारी म्हणून वीज बंद झाली होती. मंडळाचा माइक मुका झाला. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या भाजीवाल्यानं आपला बॅटरीचा भोंगा दिला. ‘कांदे-बटाटे’ची नोंद केलेली होती त्यात. ती पुसून काकू बोलू लागल्या.

आणि त्याच दुपारी माझ्या हातून चूक झाली. ती सांगायलाच हवी.

सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप आला, ‘आजवा फुटलं, दहा मिनिटांत पाणी येतंय.’ कुणी पाठवला, कुठून आला, मी बघितलं नाही. हात थरथरत होते. मी तो पुढं पाठवला. दोन मिनिटांत डी विंगमधली दोन कुटुंबं मुलांना काखेत घेऊन जिन्यानं खाली धावली, पाण्याच्याच दिशेनं, कारण त्यांना समोरच्या उंच इमारतीत जायचं होतं. जिन्यात अंधार होता. एका बाईचा पाय मुरगळला, हातातलं मूल दुसऱ्यानं झेललं म्हणून बरं.

काकूंनी भोंगा उचलला. ‘ग्रुपवरचा निरोप खोटा आहे. मी आत्ता नियंत्रण कक्षाला विचारलंय. धरण शाबूत आहे. आहात तिथंच थांबा.’ मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी फक्त एवढं म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी आधी मला विचार.’ मी अजून ते विसरलेलो नाही.

याच गुजरातेत ११ ऑगस्ट १९७९ ला मोरबीजवळचं मच्छू-२ धरण खरोखर फुटलं होतं. पावसानं फोनच्या तारा निकामी झालेल्या, खालच्या गावाला निरोप पोचलाच नाही. हजारो माणसं गेली. किती, याचे आकडे आजही जुळत नाहीत. तिथं निरोप नव्हता म्हणून माणसं गेली. आमच्याकडे निरोप खूप होते, पण त्यातला खरा कुठला ते ओळखायला एकच आवाज होता.

(बचावपथकाची नाव. गॅलरीतून लटकणारी लाल साडी.)

नदी ३५ फुटांच्या वर गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी बटालियन बडोद्याजवळच जरोदला असते. तिचे जवान आले, सैन्य आलं, राज्याचं दल आलं, अग्निशमन दल तर पहिल्या तासापासून होतं. त्यांच्या कष्टांना तोड नाही. पण नावेतल्या माणसाची अडचण तुम्ही कधी डोळ्यांसमोर आणली आहे का? पाट्या पाण्याखाली. फाटकं पाण्याखाली. घरांचे नंबर पाण्याखाली. गल्ली कुठली आणि आवार कुठलं, काही कळत नाही. सगळ्या गॅलऱ्यांतून हात हलतायत, सगळीकडून हाका. पाण्यात मगर असेल ही धास्ती वेगळीच. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्यानं वस्त्यांमधून २४ मगरी पकडल्या.

काकूंनी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, ‘ज्या घरी आजारी किंवा गरोदर माणूस आहे त्यांनीच लाल कापड लटकवायचं. बाकी कुणी नाही.’ त्या दिवशी तीन लाल कापडं होती. एक सी विंगमधल्या डायलिसिसच्या पेशंटचं. दुसरं आठवा महिना लागलेल्या मुलीचं, ती साडी तिच्या सासूची. तिसरं घर इन्सुलिनवाल्या आजोबांचं, औषध थर्मासात बर्फ घालून ठेवलेलं, बर्फ संपत आलेला. नाव आली ती थेट या तीन गॅलऱ्यांखाली.

नियंत्रण कक्षाला फोन कसा करायचा, हेही अण्णांच्या यादीतूनच ठरलं. रडत ‘लवकर या’ म्हटलं तर पलीकडचा माणूस तरी काय लिहून घेणार? कुठं, जवळची ठळक खूण कोणती, कुठल्या मजल्यावर, किती माणसं, त्यात आजारी कोण, आणि परत फोन कुणाला करायचा. एवढं एका दमात सांगायचं आणि फोन ठेवायचा, कारण बॅटरी वाचवायची असते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, रुग्णवाहिकेचा १०८. हे दोन आकडे आता आमच्या प्रत्येक दारामागं चिकटवलेले आहेत.

(चिखल. फावडी. रस्त्यावर मांडलेलं फर्निचर.)

पाणी ओसरलं, मग राग वर आला. शहरात ठिकठिकाणी लोकांनी लोकप्रतिनिधींना जाब विचारला. इशारा वेळेवर का नाही, पात्रात बांधकामं कशी झाली, आम्ही दोन दिवस तहानलेले होतो तेव्हा कुठं होता. ज्यांचं घर गेलं त्यांना ओरडायचा हक्क आहे, असं मी मानतो. त्या वेळी समोर उभं राहून, मान खाली घालून ऐकून घेणं हाही कामाचाच भाग आहे. फोटो काढून परत फिरणाऱ्यांची नावं लोकांना अजून आठवतात. चिखलात उभं राहून वहीत लिहून घेणाऱ्यांचीही आठवतात.

२०२५ च्या पावसाळ्याआधी विश्वामित्रीचं पात्र खोल आणि रुंद करण्याचं मोठं काम झालं. त्यामुळं काकूंच्या वहीतलं ते पान जुनं झालं असेल, असं त्यांनाच वाटलं. पात्र बदललं तर २८ ला गेट हा हिशेब बदलणार. म्हणून आता त्या पावसाळ्यात रोज दोनदा गेटपाशी जाऊन नाल्याचं पाणी बघतात आणि समोर काळा घोड्याचा आकडा मांडतात. नवं पान अजून अर्धंच भरलंय.

(ए विंगचा जिना. आता दोन रेघा, २०१९ आणि २०२४. वरची रेघ नवी.)

यंदा पावसाळ्याआधीच्या एका रविवारी आम्ही कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा काकू अंगणात उभ्या होत्या. हातात तोच भाजीवाल्याचा भोंगा. अण्णा खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर यादी. पाच विंगची पाच माणसं आपापल्या गॅलरीत.

‘डी विंग, तिसरा मजला, ऐकू येतंय का?’

वरून एका मुलाचा आवाज आला, ‘नाही काकू, शब्द फुटतायत.’

काकूंनी भोंग्याचं झाकण उघडलं, सेल काढून नवे घातले आणि पुन्हा तोंडाशी धरला.