पातीतली काच

(दृश्य : पहाटेचा गारठा. वाळवा तालुक्यातला उसाचा फड. कोयत्याचे घाव, मोळी बांधणारे हात.)

फडात शिरण्याआधी बाया साडीवरून लांब बाह्यांचा जुना शर्ट चढवतात. थंडी नऊ वाजेपर्यंत पळते, शर्ट मात्र दिवसभर अंगावर राहतो, कारण उसाची पात कापते. संध्याकाळी हातावरचे ओरखडे घामानं चुरचुरत असतात. पातीच्या कडेला बारीक दातरे असतात आणि त्यांना धार देते ती सिलिका, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग. कृष्णाकाठच्या वाळूत असते तीच. पण वाळूचा कण काही मुळातून वर चढत नाही. मग ती पातीत आली कुठून?

(दृश्य : महाबळेश्वरचं पठार. मुसळधार पाऊस, जांभ्या दगडावरून वाहणारं तांबडं पाणी.)

वर जाऊन बघावं लागतं. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, त्यात वजनानं निम्म्याच्या आसपास सिलिका. लाखो वर्षांच्या पावसानं ती विरघळवून वाहून नेली आणि माथ्यावर लोह, ॲल्युमिनियम मागं राहिलं. तोच हा जांभा. वाहून गेलेली सिलिका ओढ्यानाल्यांतून कृष्णा-कोयनेत येते, पाटानं आणि उपसा योजनेच्या पाइपानं शेतात येते. पिकाला ती मिळते सिलिसिक आम्लाच्या रूपात, पाण्यात विरघळलेली. जमिनीत ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉनच आहे, पण विरघळलेला फार थोडा. हा फरक लक्षात ठेवायचा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली उसाचं पान. डंबेलच्या आकाराच्या पेशींची ओळ.)

मुळाच्या पेशींत या आम्लासाठी खास दारं असतात. 2006 साली जपानमध्ये जियान फेंग मा यांच्या गटानं भातातलं असं पहिलं दार शोधलं, एलएसआय 1. आत आलेलं आम्ल पाण्याबरोबर पानापर्यंत चढतं. तिथं पाणी वाफ होऊन उडतं, आम्ल दाट होत जातं आणि त्याची घट्ट, काचेसारखी सिलिका बनते. एकदा बसली की ती हलत नाही. जुन्या पानातला सिलिकॉन कोवळ्या पानाला मिळत नाही, म्हणून पुरवठा पीक वाढेल तसा चालू राहावा लागतो.

ऊस आणि भात सिलिकॉन भरभरून घेणारी पिकं. चांगला ऊस हेक्टरी 300 किलोच्या वर सिलिकॉन उचलू शकतो, पुष्कळदा नत्रापेक्षाही जास्त. तरी खताच्या हिशेबात त्याचा रकाना नसतो, कारण शास्त्राच्या व्याख्येनं तो बहुतेक पिकांना आवश्यक ठरत नाही, उपकारक ठरतो. मला ही वाटणी फार कागदी वाटते. जपाननं 1955 मध्येच लोखंडाच्या भट्टीतल्या धातुमळीतलं सिलिकेट भातासाठी खत म्हणून मान्य केलं.

(दृश्य : युरिया टाकलेला गर्द हिरवा भात, वाऱ्यात आडवा पडलेला.)

युरिया जास्त झाला की पान लांबतं, मऊ पडतं, झुकतं आणि खालच्या पानांवर सावली धरतं. सिलिका भरलेलं पान ताठ राहतं, ऊन खालपर्यंत पोचतं. भरलेल्या खाचरात आणखी एक गोष्ट घडते. साचलेल्या पाण्यात लोह आणि मँगनीज विरघळून रोपाला घातक होऊ शकतात. सिलिकॉन मिळालेली भाताची मुळं लोहाला बाहेरच गंजवून अडवतात. स्फुरद (फॉस्फरस) तुटपुंजा असेल तर याचा दुहेरी फायदा, कारण लोह-मँगनीज कमी शिरल्यामुळं रोपात आहे तो स्फुरद नीट वापरला जातो.

(दृश्य : मिरज भाग. पांढरा थर चढलेलं रान, खुरटलेला ऊस.)

आता सांगली जिल्ह्याचं दुखणं, क्षारपड. पाणी आलं, निचरा झाला नाही, मीठ वर आलं. भातावरच्या प्रयोगांत दिसलंय की मुळात बसलेली सिलिका पेशींमधल्या फटींतून आत घुसणाऱ्या सोडियमची वाट अरुंद करते. उपयोगी आहे, पण स्पष्ट सांगायला हवं : चर आणि सच्छिद्र पाइप टाकल्याशिवाय हे रान सुधारत नाही. सिलिकॉनची बाटली निचऱ्याचं काम करणार नाही.

खोडकिडीच्या बाबतीत मात्र गोष्ट थेट आहे. सिलिकानं कडक झालेला ऊस पोखरताना अळीचे जबडे झिजतात, आत शिरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती उघड्यावर राहते.

तासगावकडचे बागायतदार विचारतात, भुरीवर, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीवर, सिलिकॉन चालेल का? द्राक्षवेल मुळातून सिलिकॉन फार घेत नाही. पोटॅशियम सिलिकेट फवारलं तर त्याचा थर पानावर बसून बुरशीला अडथळा होतो. हे काम पानाच्या पृष्ठभागावरचं आहे, म्हणून फवारणी चुकली की संरक्षणही गेलं.

(दृश्य : तोडणीनंतरचं रान. एका बाजूला पेटलेलं पाचट, दुसऱ्या बाजूला सरीआड दाबलेलं.)

विकत आणण्याआधी जे बाहेर जातंय ते बघू. सिलिका सर्वांत जास्त पानात. पाचट पेटवल्यानं ती नाहीशी होत नाही, पण हलकी राख वाऱ्यावर जाते आणि सेंद्रिय पदार्थ तर गेलाच. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, पाचट ठेवलं की दोन्ही रानात राहतात. चिपाडासोबत गेलेली सिलिका कारखान्याच्या बॉयलरच्या राखेत उरते. तीही परत आणता येते, पण राख फार तापली की तिच्यातली सिलिका स्फटिक बनते आणि सहज विरघळत नाही. शिवाय ती उडती धूळ छातीला वाईट, पसरताना तोंड बांधायलाच हवं.

(दृश्य : पाटण खोरं, मेअखेर. भातगिरणीमागं धुमसणारा तुसाचा ढीग.)

कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत हीच समज आहे. गादीवाफ्यावर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची राख, आणि ती काळी हवी. पांढरी म्हणजे जास्त जळालेली. म्हणून ढिगाला ज्वाळा धरू द्यायच्या नाहीत, आतल्या आत धुमसू द्यायचं.

(दृश्य : काळी राख मातीत मिसळणारे हात. मागं डोंगरावर ढग.)

ढीग विझायला दोन दिवस लागले. वाफा तयार आहे, बी भिजत घातलंय.