शेतसारा, सैनिक आणि एक जुना शेतकरी पक्ष

नमस्कार श्रोतेहो! आज आपल्याला जायचंय स्वीडनला, दीडशे वर्षांमागे.

तिथल्या संसदेत आधी चार वर्ग वेगवेगळे बसायचे, सरदार, पाद्री, शहरातले व्यापारी आणि शेतकरी. 1866 मध्ये हे बंद झालं, दोन सभागृहं आली आणि खालच्या सभागृहात जमीनवाल्या शेतकऱ्यांचा भरणा झाला. 1867 मध्ये त्यांनी स्वतःचा पक्षच काढला, लान्टमानापार्टिएट. आणि गंमत बघा, त्यांचा मोठा नेता कोण, तर आर्विद पोस्से, चांगला काउंट, सरदार घराण्यातला!

मागण्या दोनच. एक, जमिनीवरचा जुना सारा रद्द करा, कारण तो शेतकऱ्याच्या जमिनीला लागायचा आणि सरदारांच्या जुन्या जमिनीला माफ. दुसरी सैनिकांची. तिकडे काही शेतं मिळून एक गट करायचे आणि त्या गटाने एक सैनिक पोसायचा, त्याला छोटं घर द्यायचं, जमिनीचा तुकडा द्यायचा, तो मेला किंवा म्हातारा झाला की दुसरा शोधायचा, म्हणजे फौज राजाची आणि खर्च गावाचा! मला विचाराल तर हा राग अगदी रास्त होता.

सरकार म्हणायचं, सारा काढतो पण लष्कर मजबूत करायला मत द्या, आणि शेतकरी पैसा सोडायला तयार नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं गाडं तिथेच. 1880 मध्ये पोस्से पंतप्रधान झाले, तरी 1883 ला त्यांची लष्कराची योजना संसदेत पडली आणि त्यांनी राजीनामा दिला.

तेवढ्यात रशिया-अमेरिकेतलं स्वस्त धान्य आलं, भाव कोसळले. आयात धान्यावर जकात लावायची की नाही, ह्यावर 1888 मध्ये पक्षच दुभंगला. त्याआधीच्या निवडणुकीत तर कमाल झाली, स्टॉकहोममधून निवडून आलेल्या जकातविरोधी 22 जणांतल्या एकाची 11 क्रोनर 58 ओरे इतकी कराची थकबाकी निघाली, मतपत्रिकेवर 22 ही नावं एकत्र असायची, त्यामुळे त्याचं नाव असलेल्या मतपत्रिका बाद झाल्या आणि सगळ्याच 22 जागा जकातवाल्यांना गेल्या, संसदेतलं बहुमत फिरलं!

शेवटी 1892 मध्ये सारा टप्प्याटप्प्याने काढायचं ठरलं, बदल्यात तरुणांची सक्तीची लष्करी सेवा वाढली. 1895 ला दोन्ही गट परत एक झाले. पण मला एक गोष्ट खुपते, शेतमजुरांना, भूमिहीनांना तेव्हा मतच नव्हतं आणि आता सैन्यात जास्त दिवस काढायची पाळी त्यांच्याही पोरांवर आली होती.