पुस्तकात बाद, पडद्यावर होम रन

मित्रहो,

बेसबॉलवरची सगळ्यात प्रसिद्ध अमेरिकन कविता एका फलंदाजाच्या फजितीची आहे. ३ जून १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्झामिनर' या वृत्तपत्रात ती टोपणनावाने छापून आली. कवी अर्नेस्ट थेअर. मडव्हिल नावाच्या गावचा संघ शेवटच्या डावात दोन धावांनी मागे आहे, दोन गडी बाद झालेत, दोन खेळाडू बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, उभे आहेत आणि फलंदाजीला येतोय गावाचा लाडका केसी. पहिला चेंडू तो ऐटीत सोडून देतो. पंच म्हणतात, स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा चेंडू वाया गेला. प्रेक्षक पंचांच्या जिवावर उठतात, तेव्हा केसीच हात वर करून त्यांना गप्प करतो. दुसराही सोडतो. पुन्हा स्ट्राइक. तिसऱ्याला तो जीव खाऊन बॅट फिरवतो आणि नुसती हवा कापतो. तीन स्ट्राइक, केसी बाद, सामना संपला. डिवुल्फ हॉपर नावाच्या नटाने ही कविता पुढची चाळीसेक वर्षं रंगमंचावरून हजारो वेळा म्हटली, आणि लोक तिकीट काढून केसीला बाद होताना ऐकत राहिले.

आज मला जे म्हणायचंय ते या कवितेपासूनच सुरू होतं. बेसबॉलची उत्तम पुस्तकं बहुतेक हरण्याची पुस्तकं आहेत. आणि हॉलिवूडने त्याच पुस्तकांना हात घातला की हरणं हळूच खिडकीबाहेर जातं.

आपल्यापैकी बरेच जण क्रिकेटवर वाढलेले, म्हणून आधी खेळाचा स्वभाव सांगतो. बेसबॉलमध्ये दहा वेळा फलंदाजीला जाऊन तीनदा नीट फटका बसला तर तो माणूस मोठा खेळाडू ठरतो. टेड विल्यम्सने १९४१ साली .४०६ ची सरासरी गाठली आणि तिथल्या दोन मुख्य लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, त्यानंतर कुणालाही एका हंगामात .४०० पर्यंत पोहोचता आलेलं नाही. म्हणजे हा विक्रमवीरसुद्धा आपल्या सर्वोत्तम वर्षात दहापैकी सहा वेळा हात हलवत परतला. त्यात हंगाम १६२ सामन्यांचा. एप्रिल ते सप्टेंबर, किराणा दुकान उघडावं तसा खेळ रोज उघडतो. ज्या संघाला सर्वोत्तम म्हणतात तोही साठेक सामने हरतो. इतक्या वेळा हरायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं म्हटल्यावर हरण्याबद्दल बोलायची भाषा तयार होणारच.

ती भाषा वृत्तपत्रांनी घडवली, आणि गंमत म्हणजे तिच्या मुळाशी क्रिकेट आहे. हेन्री चॅडविक हा इंग्लंडात जन्मलेला, ब्रुकलिनमध्ये वाढलेला पत्रकार न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचं वार्तांकन करायचा. पुढे तो बेसबॉलकडे वळला आणि क्रिकेटच्या धावफलकावरून त्याने बेसबॉलचा बॉक्स स्कोअर बेतला. सामना न बघता दुसऱ्या दिवशी चहाबरोबर आकड्यांतून तो पुन्हा खेळून पाहायची सवय अमेरिकेला त्याने लावली. ती सवय आपल्याला नवी नाही.

रेडिओवर पहिला मेजर लीग सामना पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने ५ ऑगस्ट १९२१ रोजी ऐकवला. पुढे बाहेरगावच्या सामन्यांसाठी वेगळीच युक्ती निघाली. समालोचक स्टुडिओतच बसायचा, तारेवरून आलेली त्रोटक नोंद चिठ्ठीवर हातात पडायची आणि तो तिच्यावर अख्खा सामना रचायचा. आयोवातल्या एका केंद्रावर हे काम करणारा तरुण म्हणजे रोनाल्ड रेगन, पुढचे राष्ट्राध्यक्ष. ते स्वतः किस्सा सांगत: एकदा ऐन सामन्यात तार बंद पडली. आता करायचं काय? त्यांनी फलंदाजाला फाऊलमागून फाऊल, म्हणजे रेषेबाहेर जाणारे फटके, मारायला लावलं, कारण फाऊल कुठे नोंदलेच जात नाहीत. काही मिनिटं हा उद्योग चालला. तार सुरू झाल्यावर कळलं, तो पठ्ठ्या पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन कानात साठवलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको, की डोळ्यांआड चाललेल्या खेळात बोलणाऱ्याचा वाटा किती असतो. पंडितांनी फाऊल मात्र रचले नाहीत.

आता पुस्तक आणि पडदा. बर्नार्ड मॅलामूडची 'द नॅचरल' ही कादंबरी १९५२ची. रॉय हॉब्ज हा विलक्षण देणगी लाभलेला खेळाडू तरुणपणी एका बाईच्या गोळीने जायबंदी होतो आणि उतारवयात परत येतो. गोळीचा प्रसंग हवेतून आलेला नाही. १९४९ साली शिकागोच्या एका हॉटेलात एडी वेटकस या खेळाडूवर त्याच्या एका चाहतीने गोळी झाडली होती. कादंबरीतला रॉय निर्णायक सामना हरण्यासाठी पैसे घेतो. मग मन बदलतं, तो जिंकायचा प्रयत्न करतो आणि तिसऱ्या स्ट्राइकवर बाद होतो. केसीचाच वारस, फक्त याचे हातही बरबटलेले. १९८४च्या चित्रपटात रॉबर्ट रेडफर्ड हाच रॉय रंगवतो. तो लाच घेत नाही, आणि शेवटच्या चेंडूवर असा होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारतो की मैदानावरचे दिवे फुटतात आणि ठिणग्यांच्या पावसात तो बेसला फेरी मारतो. दृश्य देखणं आहे, मीही प्रत्येक वेळी डोळे फाडून बघतो. पण ही गोष्ट मॅलामूडची नाही. त्याने लिहिलेल्या माणसाच्या नेमकी उलट आहे.

'फील्ड ऑफ ड्रीम्स' या चित्रपटाबद्दल मी फार बोलणार नाही, नाहीतर इथले दोघे-तिघे उठून जातील. मला तो गोडमिट्ट वाटतो. मक्याच्या शेतातून येणारा शूलेस जो जॅक्सन तिथे उजव्या हाताने फलंदाजी करतो. खरा जो डावखुरा फलंदाज होता. १९१९ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, पैसे घेऊन हरल्याच्या आरोपावरून त्याला जन्मभर बंदी झाली, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

या सगळ्यात माझं सर्वात लाडकं पुस्तक 'बॉल फोर', १९७०. जिम बाउटन हा न्यूयॉर्क यँकीजचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. १९६३ साली त्याने २१ सामने जिंकले. मग दंड दुखावला, वेग गेला. १९६९ साली तो सिॲटल पायलट्स नावाच्या नव्या कोऱ्या संघात होता, आणि हा संघ एकच हंगाम टिकून मिलवॉकीला गेला. बाउटनने तो हंगाम दैनंदिनीसारखा टिपून ठेवला. जोरात चेंडू टाकणं जमेना तेव्हा त्याने नकलबॉलचा आसरा घेतला. हा चेंडू बोटांच्या टोकांनी धरून जवळजवळ न फिरवता सोडायचा. तो कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रोज सकाळी उठून हा माणूस बघणार, आज बोटं ऐकतायत का. आपल्याला खालच्या लीगमध्ये धाडतील का, बायकामुलांना घेऊन पुन्हा गाव बदलावं लागेल का, प्रशिक्षक आज का बोलला नाही. नोकरी जाईल या धास्तीत वावरणाऱ्या माणसाचं इतकं विनोदी पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही.

पण गदारोळ झाला तो वेगळ्याच कारणाने. यँकीजच्या मिकी मँटलसारख्या दैवताचं दारू पिणं, खेळाडूंच्या उत्तेजक गोळ्या, बायकांमागे धावणं, पगारासाठी मालकांपुढे करावी लागणारी अजिजी, सगळं त्याने लिहून टाकलं. बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांनी त्याला कार्यालयात बोलावलं आणि पुस्तकातलं खोटं आहे अशा निवेदनावर सही मागितली. बाउटनने दिली नाही. पुस्तकाच्या खपाला याहून चांगली जाहिरात कुणाला सुचली असती? पीट रोझ या खेळाडूने तर म्हणे डगआऊटमधून त्याला शिवी हासडून 'शेक्सपिअर' अशी हाक मारली. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते पगाराचं प्रकरण. त्या काळी खेळाडू करार संपला तरी संघाच्या दावणीलाच बांधलेला असायचा. लवादाने ती दावण डिसेंबर १९७५मध्ये सोडवली. मँटलच्या दारूची चर्चा वर्षानुवर्षं चालली. मालकांनी काही हजार डॉलरसाठी केलेली घासाघीस वाचकांना दिसली ती बाउटनमुळे, आणि त्याबद्दल त्याला पुरेसं श्रेय मिळालं नाही.

त्यानंतर आकड्यांची माणसं आली. बिल जेम्स हा कॅन्ससमधल्या एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी. तिथे बसून तो आकडेमोड करायचा, आणि १९७७ साली त्याने स्वतःच्या खर्चाने पहिली पुस्तिका काढली. तो धागा पुढे मायकल लुईसच्या २००३च्या 'मनीबॉल'मध्ये येतो. आकड्यांवरून स्वस्तात खेळाडू निवडणारा ओकलंडचा संघ, २००२चा हंगाम, यँकीजच्या साधारण एकतृतीयांश पगारखर्चात १०३ विजय. २०११च्या चित्रपटात ब्रॅड पिट आहे आणि चित्रपट उत्तम आहे. पण त्यात एक मखलाशी आहे. त्या संघात हडसन, मल्डर आणि झिटो हे तीन भारी पिचर होते. झिटोला त्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला, त्याच संघातला तेहाडा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. चित्रपटात ही मंडळी जवळपास दिसतच नाहीत, कारण टाकाऊ ठरवलेल्यांनी चमत्कार केला ही गोष्ट त्यांच्या हजेरीत उभी राहात नाही. तरी एका बाबतीत चित्रपटाला मानतो. ओकलंड पहिल्याच बाद फेरीत मिनेसोटाकडून हरलं, आणि पडद्यावरही ते हरतं.

आपल्याकडचा दुवा एकच सांगतो. २००८ साली भारतात दूरचित्रवाणीवर एक स्पर्धा झाली, सर्वात वेगाने चेंडू फेकणारा शोधायची. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, तीतून पुढे आले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. २०१४चा 'मिलियन डॉलर आर्म' करारापाशी टाळ्या घेऊन थांबतो, आणि त्याचा नायक आहे त्यांचा अमेरिकन एजंट. दिनेश लवकरच परतला. रिंकू काही वर्षं खालच्या लीगमध्ये घाम गाळत राहिला, दुखापती झाल्या, मेजर लीग लांबच राहिली. पुढे तो कुस्तीच्या व्यावसायिक आखाड्यात गेला. खालच्या लीगमधली ती वर्षं, परक्या भाषेत, लांबलचक बसप्रवासात, हे खरं पुस्तक आहे आणि ते अजून कुणी लिहायला हवं.

सुरुवात कुठून करू, असं मला नेहमी विचारतात. 'बॉल फोर' नंतर घ्या, भाषा शिवराळ आहे. आधी लॉरेन्स रिटरचं 'द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स' वाचा, १९६६चं. रिटर अर्थशास्त्राचा प्राध्यापक. ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन तो देशभर म्हाताऱ्या खेळाडूंना शोधत हिंडला आणि त्यांच्याच बोलीत त्यांना बोलू दिलं. त्यात फ्रेड स्नॉडग्रास आहेत. १९१२च्या वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सामन्यात, दहाव्या डावात, त्यांच्या हातून सोपा झेल सुटला आणि न्यूयॉर्क जायंट्स हरले. पुढे ते बँकेत मोठे झाले, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचे महापौर झाले, तरी ओळख करून दिली की समोरचा म्हणायचा, तो झेल सोडणारे तुम्हीच ना? १९७४ साली ते गेले, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मृत्युलेखाच्या मथळ्यातसुद्धा तो झेल घातला. त्याच डावात लगेच पुढच्या फटक्यावर त्यांनी अफलातून झेल घेतला होता. तो मथळ्यात नाही. रिटरच्या पुस्तकात आहे.